चालीवरून ठरलेला चोर

भागवतरावांच्या मोसंबीच्या बागेतून मोटारीची केबल भर दुपारी चोरीला गेली, आणि त्यांना चोर सापडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. विहिरीवरच्या कॅमेऱ्यात एक पाठमोरा माणूस दिसत होता. तोंडाला रुमाल, खांद्यावर केबलचं वेटोळं आणि उजवा पाय जरा घासत चाललेला. हा अंगदच, असा निकाल त्यांनी देऊन टाकला. अंगद शेजारच्या गोदामावरचा राखणदार, कुणाच्या काडीलाही हात न लावणारा. पण पाय घासतो ना, मग झालं!

तीर्थपुरीच्या हॉटेलात भागवतराव फोन पुढं करून विचारायचे, "बघा बरं, अंगदच हाय ना?" बघणारा मान डोलवायचा. बातमी गोदामवाल्या शेठच्या कानावर गेली. पोलिसात नाव गेलं की कामावरून काढीन, असं त्यानं अंगदला बजावलं.

भागवतरावांची लेक आकांक्षा संभाजीनगरला न्यायवैद्यक शास्त्र शिकते, ती सुट्टीला आल्ती. चालीवरून माणूस खरंच ओळखता येतो का, हे भागवतरावांनी तिला मोठ्या कुतूहलानं विचारलं. तिनं सांगितलं, गुडघा कसा वाकतो, पाऊल कसं पडतं, हे ताडून बघतात. पण खांद्यावरचं ओझं, झिजलेली चप्पल, ओली काळी जमीन, सगळ्यानं चाल बदलते. फार तर जुळते म्हणता येतं, आणि ती आणखी कितीकांशीही जुळत असते.

"मंग आम्ही लांबून माणूस ओळखतो, ते खोटं का?"

"खोटं न्हाई, अण्णा. पण तिथं चुकलं तर रामराम भलत्याला जातो. इथं चुकलं तर भलता माणूस जेलात जातो. अन् तुम्ही आधी नाव सांगून मंग फोन दाखवून राह्यले. लोक दुसरं काय बघतील?"

आकांक्षाची आई उषाबाई त्याच दिवशी माहेराहून परतल्या होत्या, त्यांना चोरीचा पत्ताच नव्हता. आकांक्षानं काही न सांगता आईपुढं फोन धरला. उषाबाईंनी पदराला हात पुसले, नीट पाहिलं आणि हसल्या.

"हे तर तुझे अण्णाच की! ओल्या रानात असाच पाय घासतेत. केबल कुठं घेऊन चाललेत?"

भागवतराव आधी हसले, मग त्यांना घाम फुटला. सगळा जन्म चाल बघितलेली बायको अगदी खात्रीनं चुकली होती! केबल दुसऱ्याची असती, तर आज चोर तेच ठरले असते.

ते तडक गोदामावर गेले. शेठला खरं सांगितलं, तक्रारीत कुणाचंच नाव देणार नाही म्हणाले आणि अंगदपुढं हात जोडले.

"भाऊ, हॉटेलातबी सांगा," एवढंच अंगद बोलला.

भागवतराव गेले. भरल्या हॉटेलात उभं राहून, मान खाली घालून त्यांनी आपली चूक सांगितली.

लोकहो, ओळखीचं वाटणं निराळं आणि ओळख पटणं निराळं. या दोहोंतला फरक आपण विसरलो, की कुणाची तरी भाकरी जाते.