जिन्यावरची शीळ

प्रयोगशाळेत ती पाण्याचे नमुने तपासायची आणि सुट्टीच्या दिवशी कादंबरी लिहायची. पात्रांची गल्लत होऊ नये म्हणून तिनं प्रत्येकाचं एक कार्ड केलं होतं. फापटपसारा नाही. वय, चाल, एखादी लकब, कशाला भितो. बस्स.

कादंबरीतला वायरमन तिनं दादावरून घेतला होता. दादाला जाऊन काही वर्षं झाली होती. डावा खांदा किंचित उतरलेला, बोलताना शर्टाच्या बटणाशी चाळा, हे त्याचं. जिना चढताना शीळ, ही तिच्या पदरची. दादाला शीळ यायचीच नाही, नुसती हवा फुसफुसायची. नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय ती जागची हलत नसे. कार्डावर मात्र पाहिलेलं आणि रचलेलं एकाखाली एक, एकाच शाईत लिहून मोकळी झाली होती.

टेबल पुसताना ते कार्ड आईच्या हाती लागलं. खांदा नि बटण वाचून तिनं दादाला लगेच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता आई म्हणाली, "कालपासून त्याची शीळ कानात घुमतेय गं. जिन्यावरची."

"आई, ती मी बनवलीय. दादाला कुठे यायची शीळ?"

"मला शिकव आता! जन्म मी दिलाय त्याला की तू?"

ती बाबांकडे वळली. त्यांनी पेपर खाली केला. "घालायचा की. शेजारचे कुरकुरायचे. मीच कितीदा झापलाय."

बाबा थापा मारणाऱ्यांतले नव्हते.

खोलीत येऊन ती लाल पेन्सिल घेऊन बसली. खऱ्यापुढे बरोबरची खूण, रचलेल्यापुढे फुली. शिळेपुढे फुली मारली. खांद्यापाशी हात थांबला. डावाच होता ना? दादा दारातून आत येतोय असं डोळ्यांसमोर आणून पाहिलं, तर तो वायरमनच्या कपड्यांत आला. बटणाशी खेळणारी बोटं दिसेनात, नुसतं तिनं लिहिलेलं वाक्य दिसत राहिलं.

कार्ड फाडून टाकायचं तिनं ठरवलं, तेवढ्यात आई दारात आली. हात ओलेच होते.

"आणखी काही आठवत असेल तर लिही ना गं. माझं सगळं पुसट होत चाललंय."

तिला नाही म्हणवेना. "हसताना... डोळे मिटायचा."

"हो! अगदी घट्ट!" आईचा चेहरा उजळला.

तिनं तेही लिहिलं. त्यापुढे खूण कोणती करायची, हे मात्र तिला कळेना.