नापास झालेली निळी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे आणि या वयात नापास झाले आहे. धुराच्या तपासणीत! माझ्या मागच्या नळीत सळई घातली, यंत्रावर आकडे नाचले आणि तपासणारा म्हणाला, "धूर फार सोडते."

मी गोंधळले. पूर्वीच्या मानाने मी कितीशी पळत होते?

नवी होते तेव्हा माझ्या काचेत बघून लोक भांग पाडत. मालकीणबाईंनी मला घेऊन घाट चढले, मुलांच्या शाळा गाठल्या, अडलेल्या शेजारणीला वेळेत दवाखान्यात पोहोचवले. "गाडी असावी तर अशी!" असे सगळे म्हणत. मग बाईंचे केस पिकले आणि मुलाने फर्मान काढले, "आई, कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायचं नाही. गाडीही थकलीय आणि तूही."

तेव्हापासून मी आच्छादनाखाली बसू लागले. अंग गरम होण्याआधीच दुकान येई.

गॅरेजच्या मिस्त्रींनी हवेची जाळी बदलली, प्लग बदलले. तरी नापासच. "सगळं ठीक दिसतंय मावशी, मग धूर येतो कुठून?" ते डोके खाजवत म्हणाले.

"आता शेवटची तपासणी," मुलगा म्हणाला. "नाहीतर भंगारात."

माझ्याबरोबर बाईंचे कोपऱ्यापर्यंतचे जगही जाणार होते.

तपासणीच्या दिवशी जवळच्या केंद्रात वीज नव्हती. दुसरे केंद्र गावाबाहेर, हमरस्त्यावर होते.

"क्रेनने उचलून नेऊ या गाडीला," मुलगा म्हणाला.

"तुला सायकल मी शिकवली. बस मागे गुपचूप!"

सोबत आलेले मिस्त्री पुढे, बाईंच्या शेजारी बसले. मोकळा रस्ता लागताच बाईंनी वेग वाढवला. मी खोकले, काळा ढग सोडला आणि हळूहळू माझा घसा मोकळा झाला.

केंद्रावर सळई पुन्हा आत गेली. पास!

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "मावशी, हिला रोज कोपऱ्यापर्यंतच नेता? इंजिन तापतच नाही, मग काजळी साचणार नाही तर काय! आज ती जळून गेली."

"म्हणजे आजार नव्हताच?" मुलाने विचारले.

"होता की. जपण्याचा!"

मुलाने किल्लीकडे पाहिले, मग आईकडे. "आई... परत जाताना लांबच्या रस्त्याने जायचं?"

बाई केव्हाच आसनावर बसल्या होत्या.

मित्रांनो, कमी पळून नापास आणि जास्त पळून पास, हे गणित मला अजून नीट उमगलेले नाही. पण एक विनवणी करते. जुन्यांना जपा, जरूर जपा. मात्र जपता जपता त्यांना झाकून ठेवू नका.