जास्त चालू नये

आमच्या हॉस्पिटलात चार ओळींचा एक रबरी शिक्का होता. खाली बसू नये. मांडी घालू नये. जिना चढू नये. जास्त चालू नये. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, रामप्रसाद सरांनी, बारा वर्षांपूर्वी तो गुलमंडीच्या बाजारातून करून आणला. तेव्हापासून बजाजनगरच्या या हाडांच्या हॉस्पिटलात गुडघा दुखतो म्हणून जो कोणी आला, त्याच्या कागदावर तो उमटला. कंपनीतला पोरगा असो की शेतावरची म्हातारी, शिक्का एकच. आमची रिसेप्शनिस्ट शीला फोनवर बोलता बोलता, कागदाकडे न बघता तो मारायची.

मी अक्षदा, इथली फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या भाषेत शेकवाली मॅडम. माझं डोकं लवकर तापतं, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय, नवऱ्यानं दोनदा. पण त्या शिक्क्यावर मी तापायचे ते उगाच नाही. झिजलेल्या गुडघ्यावर जगभर इतका अभ्यास झालाय, आणि तो परत परत एकच सांगतो: चालणं आणि मांड्यांचा व्यायाम हे पहिलं औषध. एक्स-रेत झीज किती दिसते, यावरून दुखणं किती ते ठरत नाही. आणि आम्ही काय करत होतो? औषधच बंद करा म्हणून लिहून देत होतो, वर शिक्कामोर्तब.

सर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. हात सोन्याचा आहे. गरज नसताना कुणाला ऑपरेशनच्या टेबलावर घेत नाहीत. पण दिवसाला ऐंशी पेशंट बघणाऱ्या माणसानं नवीन वाचायचं कधी? म्हणून मी दर गुरुवारी एका अभ्यासाचं सार साध्या मराठीत, एका पानात लिहायचे आणि त्यांच्या टेबलावर ठेवायचे. पहिली चार पानं चहाच्या कपाखाली गेली. पाचव्यावर ते म्हणाले, "अक्षदा, हे अभ्यास झाले ते लोक खुर्चीवर जेवतात आणि कमोडवर बसतात. आपली माणसं उकिडवी बसतात. तुझी पुस्तकं इथं चालत नाहीत."

मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून जास्त झोंबला. मग मी इथलीच माणसं धरली. शिक्का बसलेल्या चाळीस पेशंटना फोन केले. सव्वीस जणांनी चालणं सोडलं होतं. देवळात जाणं सोडलं, लग्नात पंगतीला बसणं सोडलं, आणि गुडघा होता तसाच दुखत होता. हे सगळं मी एका कागदावर लिहून दिलं. सरांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी शिक्का चालूच.

अशात सुगंधाबाई आली.

वेरूळच्या डोंगराकडची धनगराची बाई, वय अठ्ठावन्न, हातात एक्स-रेची पिशवी. सोबत मुलगा भिकन, वाळूजच्या एका कंपनीत कामाला. नवरा गेल्यापासून साठ मेंढरं ती एकटी वळायची. संध्याकाळी गुडघे ठणकायला लागले म्हणून भिकननं मोटारसायकलवर बसवून आणली. सरांनी एक्स-रे उजेडावर धरला, "गादी झिजली" म्हणाले, आणि कागद शीलाकडे गेला. धप्प. मग दहा दिवसांच्या शेकासाठी ती माझ्याकडे आली.

भिकननं कागदाचा फोटो काढला आणि तिथंच कुणाला तरी पाठवला.

"कुणाला पाठवला?" मी विचारलं.

"व्यापाऱ्याला. मेंढरं इकायची. डॉक्टरनंच लिवून दिलं, चालू नये. मंग वळायला माणूस कोण? मला कंपनी सोडता येत नाय."

सुगंधाबाई पलंगावर पाय सोडून बसली होती. "माझ्या सासूची मेंढरं हायेत ती," ती म्हणाली. "मेंढरं गेल्यावर मी काय करू? ओट्यावर बसून माशा मारू?"

"माय, तुझ्या भल्यासाठीच बोलू लागलो."

"माझं भलं मला इचारलं का कुणी?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा शेकाचं मशीन लावायला घेतलं होतं. ते मी बंद केलं. भिकनला म्हटलं, मला एक महिना द्या, तोवर एकही मेंढरू विकू नका. तो कुरकुरला, पण आईच्या तोंडाकडे बघून तयार झाला. व्यापाऱ्याला त्यानं पुढच्या महिन्यातला शनिवार सांगितला.

मी कामाला लागले. मांड्यांचे व्यायाम शिकवले, स्टुलावरून हात न टेकता उठायला लावलं. आणि पुस्तकात असतं तसं ऐटीत सांगितलं: रोज वीस मिनिटं चालायचं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. तिनं मान डोलावली. आपण किती हुशार, असं वाटून मी त्या दिवशी खुशीत घरी गेले.

चौथ्या दिवशी भिकन ओपीडीत ओरडतच आला. सुगंधाबाईचा उजवा गुडघा खरबुजासारखा सुजला होता.

"ह्या मॅडमनं चालायला लावलं! आता बघा!"

ऐंशी पेशंटांसमोर. सर खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी गुडघा दाबून बघितला.

"मावशी, किती चालला होतात?" मी विचारलं.

"तू सांगितलं तेवढंच. ईस मिनिटं जायचं व्हतं, गेले. पर मेंढरं घड्याळ बघून माघारी फिरतात का गं? ती चरत चरत डोंगरापोत गेली. मग मी बी गेले. दिस मावळायला परत."

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायलाही जागा नव्हती. अंगण सरळच होतं. ही बाई मेंढरांमागे चालते, आणि मेंढरांमागे चालणं म्हणजे काय हे मी विचारलंच नव्हतं. ज्या गोष्टीसाठी सरांवर तोंड सोडत होते, तीच मी केली होती. माणूस न बघता हुकूम दिला होता. त्यांचा शिक्का रबराचा, माझा तोंडी.

"चूक माझी," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "मी ह्यांना चुकीचं सांगितलं. पण चालणं चूक नाही. सूज आठवड्यात उतरेल, तोवर थोडं कमी करू. थांबायचं नाही."

"अक्षदा, पुरे," सर म्हणाले. "शीला, ह्यांच्या कागदावर परत शिक्का मार. तारीख घालून."

शीलानं ड्रॉवर उघडला. तिचा हात पोचायच्या आत मी शिक्का एका झटक्यात उचलून माझ्या ॲप्रनच्या खिशात टाकला.

"शिक्का माझ्याकडे आहे सर, आणि मी देणार नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा. तुम्हाला ज्यांना हे चार हुकूम द्यायचेत, त्यांना स्वतःच्या हातानं लिहून द्या. पेशंटकडे बघून."

मला इतकं मोकळं वाटत होतं की हसू येईल की काय, असं झालं. सर आत गेले. दार जोरात लागलं.

त्यांनी मला काढलं नाही. नवा शिक्काही केला नाही. बहुधा हट्टानंच लिहायला बसले. पहिल्या दिवशी प्रत्येक गुडघ्याला चारही ओळी, ठसठशीत अक्षरात. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तीन झाल्या. चौथ्या दिवशी मी कागद द्यायला आत गेले, तर ते एका कंपनी कामगाराला विचारत होते, "जिना चढावा लागतो का रे तुला? किती मजले?" पेन हातात थांबलेला. बारा वर्षांत हा प्रश्न त्या खोलीत मी पहिल्यांदा ऐकला. मी कागद ठेवून बाहेर आले, कारण माझं तोंड उघडलं असतं तर सगळं बिघडलं असतं.

इकडे सुगंधाबाईला मी म्हटलं, "मावशी, आता मी सांगत नाही. तुमचा दिवस मला तुम्ही सांगा."

तिनं सांगितला. मेंढरांच्या वाड्यापासून विहीर, विहिरीपासून चिंच, चिंचेपासून डोंगराचा पायथा. मिनिटं तिच्या हिशेबात नव्हतीच. आणि मग तीच म्हणाली, "कोकरं लांब जात नायत. विहिरीपोत जातात अन् दमून बसतात. मी आठ दिवस कोकरंच नेते. मोठी मेंढरं माझे दीर, सांडूभावजी, नेतील त्यांच्या कळपात. आमच्यात अडल्या-नडल्याला नेतातच. मग पुढल्या आठवड्याला म्हाताऱ्या मेंढ्या, चिंचेपोत. मग समदी."

मी वहीत लिहून घेतलं. सहा वर्षं शिकून मला जे जमलं नाही, ते तिनं पाठ असल्यासारखं मांडलं. थोडं, मग जरा जास्त, मग सगळं. अभ्यासात हेच सांगितलंय, फक्त तिथं कोकरं नाहीत.

सूज पाच दिवसांत उतरली. कोकरांचा आठवडा गेला, म्हाताऱ्या मेंढ्यांचा गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी, व्यापारी यायच्या आदल्या दिवशी, दोघं मायलेक आली. परवा ती साठही मेंढरं पायथ्यापर्यंत नेऊन परत आली होती.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"दुखतंय की. पर रात्री निजू देतंय, अन् सकाळी निवतंय. आधी तसं नव्हतं."

मी भिकनकडे बघितलं. त्याचा चेहरा पडलेलाच.

"मॅडम, मला दिसतंय समदं," तो म्हणाला. "पर कागदावर चालू नये असं लिवलंय. गावात समद्यांनी वाचलंय. उद्या माय पडली-झडली, तर लोक मलाच म्हणतील, डॉक्टरनं लिवून दिलं तरी पोरानं मायला मेंढरामागं धाडलं. व्यापारी उद्या येतोय. मला मोठ्या डॉक्टरचा कागद पायजे. तुमच्या सहीनं नाय भागायचं."

त्याचंही चूक नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी दोघांना घेऊन थेट सरांच्या खोलीत गेले, नंबर नसताना.

सरांनी सवयीनं एक्स-रेसाठी हात पुढे केला. मी पिशवी दिली नाही.

"सर, फोटो तोच आहे. बाई बघा."

मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण ते उठले. सुगंधाबाईला म्हणाले, "चालून दाखवा."

ती व्हरांड्यात चालली. टोकापर्यंत आणि परत, मेंढरं पुढे असल्यासारखी, हात मागे बांधून. सरांनी तिला स्टुलावरून उठायला लावलं, मग खाली बसायला. खाली बसताना तिनं दाराचा आधार घेतला, उठली मात्र एकटी. सर तिच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी तिला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मेंढरं किती, डोंगर किती लांब, पाणी कुठं, असं दहा मिनिटं विचारलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. शीला दोनदा डोकावून गेली.

शेवटी त्यांनी कोरा कागद ओढला. 'सुगंधाबाईंनी रोज चालावे. मेंढ्या वळाव्यात. एखाद्या दिवशी जास्त दुखले तर अंतर कमी करावे, बंद करू नये.' खाली सही, तारीख.

भिकननं तो दोनदा वाचला. मग फोन काढला, आमच्यासमोरच. "हां, भिकन बोलतो. उद्या येऊ नका. माल इकायचा नाय. नाय म्हंजे नाय. माय वळणार हाये."

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. मला रडू येत होतं, आणि मी ते येऊ दिलं.

सर मात्र बसूनच होते. पेनाचं टोपण लावायचं विसरले होते.

"अक्षदा," ते म्हणाले, "तुझी पानं मी वाचत होतो. सगळी. कपाखालून काढून."

"मग सर, इतके दिवस..."

"आमची आई. छावणी भागात राहते, माझ्यासोबतच. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा पहिल्यांदा हे चार हुकूम मी तिला दिले होते. शिक्का नंतर केला." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "रोज पहाटे फिरायला जायची. मी बंद केलं. तिनं ऐकलं, डॉक्टर मुलगा सांगतोय म्हणून. बारा वर्षं झाली. आता खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात. तुझं पान खरं धरलं, तर तिचं असं कुणी केलं?"

मी पेनाचं टोपण उचलून त्यांच्यापुढे ठेवलं.

सुगंधाबाई पदर सावरून उठली आणि सरांच्या टेबलाशी उभी राहिली.

"जिती हाये ना ती?"

"आहे."

"मंग रडता काहून, सायब? घिऊन या तिला आमच्याकडं. पहिले आठ दिवस माझ्या कोकरांसंगं चालंल ती."