भिंतीवरचा तेलाचा डाग

लातूरची ती खोली ताब्यात घेतल्यावर महामायानं पहिले काही दिवस फक्त घासण्यात घालवले. ओट्यामागच्या फरश्यांवर आधीच्या भाडेकरूंच्या फोडण्यांचा चिकट थर होता. तो तिनं गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून, नवऱ्याच्या, आनंदरावच्या, जुन्या बनियनच्या फडक्यानं उतरवला. बोअरच्या पाण्यानं नळांवर पांढरी खपली धरली होती. तिच्यावर लिंबाच्या फोडी चोळल्या, तासभर तशाच ठेवल्या, मग खपली काथ्यानं खरवडली. खिडकीची जाळी काढून मोरीत धुतली तेव्हा तिच्यातून इतकं काळं पाणी निघालं की बुद्धप्रिया म्हणाली, "आई, हे लोक श्वास तरी कसा घेत होते?"

बुद्धप्रिया तिची एकुलती एक लेक. घरात तिला प्रियाच म्हणत. बारावी झाली, पण डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत थोडक्यात हुकली. म्हणून अजून एक वर्ष लातूरला क्लास लावायचा आणि पुन्हा परीक्षा द्यायची, असं ठरलं. आनंदराव अर्धापूरला वायरमन. त्याला नोकरी सोडता येण्यासारखी नव्हती. पोरीला परक्या गावात एकटं ठेवायला मन घेईना, तेव्हा महामायानं आपलं शिवणाचं मशीन चादरीखाली झाकलं आणि लेकीबरोबर आली. लातुरात अशा पुष्कळ आया आहेत. भाड्याची खोली, खोलीत शिकणारं एक लेकरू आणि त्याच्यासाठी रांधणारी एक आई.

सगळं झालं, पण एक भिंत राहिली. खिडकीच्या बाजूला, माणूस जमिनीवर टेकून बसला तर डोकं येईल एवढ्या उंचीवर, ताटाएवढा एक काळपट पिवळा डाग होता. घरमालकीण धुरपताबाईंनी खोलीला नवा पिस्ता रंग दिला होता, तरी त्यातून तो वर आला होता.

"तेल हाय ते," धुरपताबाई म्हणाल्या. "वरून कितीबी डिस्टेंपर मारा, तेल काही दबत न्हाई. मागल्या साली एक पोरगं होतं, तवापासून हाय."

आनंदराव सामान पोचवायला आला होता. तो म्हणाला, "फोटो लाव की तिथं. बुद्धाचा न्हाईतर बाबासाहेबांचा."

"डाग झाकायला बाबासाहेबाचा फोटो लावायचा न्हाई," महामाया म्हणाली. फोटो समोरच्या भिंतीवर, वर, चांगल्या उजेडात लागले. डाग उघडाच राहिला.

सुरुवातीला प्रियानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. नंतर तिनं टेबल दुसऱ्या कोपऱ्यात ओढलं. श्रावण लागला तेव्हा एके संध्याकाळी क्लासवरून आली आणि दप्तर न उतरवताच म्हणाली, "आई, या खोलीतल्या पोराचं काय झालं?"

"काय होणार? गेला असंल त्याच्या गावाला."

"क्लासातली पुनम सांगत होती, काही खोल्या लाभत नाहीत. आधीचं पोरगं ज्या जागी बसून नापास झालं, तिथं..."

"प्रिया, आपण कुठल्या घरातले? खोलीला पायगुण असतो का?"

"नसतो. मला कळतं. पण अभ्यासाला बसले की वाटतं, तिथं कोणीतरी टेकून बसलंय. माझ्याकडं बघून राहिलंय."

महामायानं दुसऱ्या दिवशी खाली जाऊन धुरपताबाईंना विचारलं, "मावशी, ते पोरगं पास झालं का हो?"

"बजरंग? न्हाई बाई. अर्ध्यातूनच गेला."

महामायानं दचकून विचारलं, "गेला म्हंजे?"

"अगं गावाकडं गेला, धर्माबादला! परीक्षाच दिली न्हाई त्यानं. सामान बांधलं, मायलेकरं टेंपोत बसून गेली." धुरपताबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्याहून जास्त त्यांना माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

महामायानं प्रियाला यातलं काही सांगितलं नाही. तिनं ठरवलं, हा डाग काढायचाच. अर्धापूरची असल्यानं न निघणारे डाग तिला माहीत होते. केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा विरतो, पण डाग जात नाही. म्हणून केळीच्या बागेत जाताना सगळे जुनेरंच घालतात. पण हे तर साधं तेल. तिनं आधी अंगाची पावडर डागावर थापली, रात्रभर ठेवली, सकाळी झटकली. थोडं तेल पावडरीनं ओढलं. मग वर्तमानपत्राचा कोरा कडेचा कागद भिंतीला लावून त्यावरून कोमट इस्त्री फिरवली. कागदावर तेलाचे ठिपके उमटले, तेव्हा तिला मोठा हुरूप आला. कागद बदलत बदलत ती दुपारपर्यंत इस्त्रीच करत राहिली. तरी मधला गोल हलेना. शेवटी तिनं भांड्याच्या साबणाचा फेस घेतला आणि ओल्या फडक्यानं जोर लावून घासलं. इथंच चुकलं. डिस्टेंपरला पाणी सोसलं नाही. रंगच निघाला. आता पिस्ता रंगाच्या भिंतीवर मोठा पांढुरका फराटा आणि त्याच्या मधोमध तो काळपट गोल, डोळ्यातल्या बाहुलीसारखा.

प्रिया आली, दारातच थांबली. भिंतीकडं पाहिलं, आईच्या भिजलेल्या पदराकडं पाहिलं.

"दिवसभर हेच करत होतीस?"

"तुला भ्या वाटतं म्हणून..."

"मी एवढंच बोलले, आणि तू दिवसभर!" प्रियाचा आवाज फाटला. "मी काही बोलायचंच नाही का तुझ्याजवळ?"

ती न जेवता पुस्तक उघडून बसली. महामायाला समजेना, आपलं काय चुकलं. लेकीसाठीच तर केलं होतं.

पोर घरात नसताना तिनं धुरपताबाईंकडून नंबर घेऊन धर्माबादला फोन लावला. तिला एवढंच ऐकायचं होतं की ते पोरगं धडधाकट आहे. प्रियाला तसं सांगता आलं असतं.

फोन बजरंगनंच घेतला. मागं बाजाराचा गलका होता. "हाव मावशी, मीच. बरा हाय की मी. बीएस्सीला हाय इथंच. सुट्टीच्या दिवशी मामाच्या अडतीवर मिरच्याचं बघतो." मधेच शिंकला आणि हसला.

महामायाला एकदम हलकं वाटलं. तिनं डागाचं सांगितलं, घासल्याचं सांगितलं. "लेकीला वाटतं, तू तिथं बसून अभ्यास करायचास."

बजरंग बाजाराच्या गलक्यातून बाजूला आला.

"मावशी, ते माझं डोकं न्हाई. मी टेबलावर बसायचो. तिथं माझी आई बसायची." मग म्हणाला, "आता घरीच चाललोय. तिच्यासंगं बोलता का?"

थोड्या वेळानं उलटा फोन आला. बजरंगच्या आईचा, कस्तुराबाईंचा, आवाज जाडसर आणि मोकळा होता. ओळखपाळख नसताना त्या नात्यातल्यासारख्या बोलायला लागल्या.

"हाव बाई, माझंच डोकं ते. मला तेल लई लागतं, डोकं दुखायचं ना तिथं. लेकरू क्लासला गेलं की झाडलोट करायची, भांडी करायची, आन् मग काय? दोन माणसाचं काम असतं तरी किती? मग त्या खिडकीपाशी बसायचं. तिथून गल्ली दिसते. तो कोपऱ्यावरून वळला की दिसतो."

महामाया फोन कानाला लावून त्याच खिडकीपाशी उभी होती. तिथून गल्ली दिसत होती. दुधाचं दुकान, वळण, वळणावरचा लिंब. ती रोज दुपारी इथंच बसत होती. लेक वळणावर दिसली की उठून चहा ठेवत होती, म्हणून प्रियानं तिला तिथं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

"मग परीक्षा का सोडली त्यानं?" तिनं विचारलं.

"एक दिवस जिन्यातच बसून राहिला. वर येईना. मी खाली गेले, म्हटलं काय झालं रे? तर म्हणतो, आई, जिना चढताना पाय जड होतात. वर तू बसलेली असतीस." कस्तुराबाई पुढं सांगू लागल्या. "मी त्याला कधी एका शब्दानं बोलले न्हाई बरं का. मारलं न्हाई, टोचलं न्हाई. नुसती बसायचे. शेत सोडून, घर सोडून, माणूस सोडून बसायचे. ते लेकराला दिसत असतंय ना बाई."

"मग?"

"मग काय, आलो निघून. ह्याचे वडील लई दिवस बोलले न्हाईत आमच्याशी. म्या त्याला सोडवला का त्याचं नुकसान केलं, ते मला आजून कळलं न्हाई. पण जेवतो आता पोटभर." त्या जरा हसल्या. "डाग पुसायचा तर पुसा. डिस्टेंपरचा हात देण्याआधी तेलाच्या रंगाचा एक हात द्यायला सांगा, मग वर येणार न्हाई. पण पुसून झाल्यावर दुपारी काय करणार तुम्ही, ते आधी बगा."

फोन ठेवल्यावर महामाया बसली नाही. बसायला जागाच सापडेना. अर्धापूरला यावेळी तिच्या मशीनभोवती गल्लीतल्या बाया असायच्या. कोणी ब्लाउज घेऊन, कोणी नुसतीच. पाय मशीनवर आणि तोंड गप्पांत. इथं आल्यापासून आपण मोठ्यानं हसलो कधी, ते तिला आठवेना.

संध्याकाळी तिनं प्रियाला सगळं सांगितलं. बजरंग बरा आहे, मिरच्यांनी शिंकतो, आणि भिंतीवरचं डोकं त्याच्या आईचं. प्रियाला आधी हसू आलं.  मग जिन्याचं ऐकल्यावर तिनं खाली मान घातली आणि चटईची काडी उसवत बसली.

"तुझेबी पाय जड होतात का?" महामायानं विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागला होता.

"कधीकधी," प्रिया म्हणाली. "तू काही विचारत नाहीस, आई. टेस्टचे मार्क पण विचारत नाहीस. पण दार उघडतेस ना, तेव्हा तुझं तोंड विचारतं."

महामायाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं लपवलं नाही. "मग मी जाऊ का गावाकडं? खालच्या खोलीत क्लासच्या मुली हायत, मावशी हायत..."

"जाऊ नको." प्रियानं तिचा हात धरला. "जाऊ नको. बसू नको फक्त."

गल्लीच्या तोंडाशी व्यंकटीची मेस होती. चाळीस-पन्नास पोरं जेवायची, आणि पोळ्या लाटायला बायका कायम कमी पडायच्या. महामाया दुपारी तिथं जाऊ लागली. आनंदरावला फोनवर सांगितलं तेव्हा तो चिडला. "लेकराकडं बघायला गेलीस का पोळ्या लाटायला? लोक काय म्हणतील?"

"लेकराकडं बघून बघून लेकरू दबून राहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही खांबावर चढता तवा मी खाली उभं राहून बघत बसले तर चालंल का तुम्हाला?"

आनंदरावनं फोन ठेवला. पण पुढच्या वेळी आला तेव्हा मेसमध्ये येऊन जेवला, आणि "पोळी बरी झालीय" एवढं म्हणाला.

प्रियाकडं आता वेगळी किल्ली होती. ती आली की कुलूप उघडायची, हवं तर झोपायची, हवं तर नुसती पडून राहायची. टेस्ट खराब गेली तर रडून घ्यायची आणि तोंड धुवायची. महामाया हाताला पीठ घेऊन, मेसमधल्या बायकांचे किस्से घेऊन यायची. एका बाईच्या नवऱ्याची नक्कल तिला इतकी चांगली जमायची की प्रियाला पुस्तक बाजूला ठेवावं लागायचं. अभ्यास काही जादूनं वाढला नाही. काही आठवडे चांगले गेले, काही वाईट. फक्त घरात बोलणं सुरू झालं. दिवाळीत धुरपताबाईंनी रंगारी बोलावला. त्यानं तेलाच्या रंगाचा हात देऊन ती भिंत नीट केली.

परीक्षा मे महिन्यात, रणरणत्या दुपारी झाली. केंद्राच्या फाटकाबाहेर आईबापांची गर्दी, डोक्यावर रुमाल, हातात पाण्याच्या बाटल्या. प्रिया आत जाताना म्हणाली, "आई, तू इथं थांबू नकोस. एवढ्या उन्हात तर नाहीच." महामायाचे पाय उचलत नव्हते. बाकी सगळ्या आया थांबल्या होत्या. तरी ती रिक्षात बसली आणि गंजगोलाईला गेली. वर्षभर लातुरात राहून तिनं बाजार असा पाहिलाच नव्हता. तिनं ब्लाउजपीसची दुकानं पालथी घातली, अस्तराचा भाव केला, उसाचा रस प्यायली. एका दुकानात जांभळ्या रंगाच्या दोन छटांवरून दुकानदाराशी वाद घालताना तिच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात आपल्या मनात पेपरचा विचार आलेला नाही. तिला क्षणभर अपराधी वाटलं. मग तिनं गडद छटा घेतली.

संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. प्रियानं कुणाच्या तरी वडिलांचा मोबाईल मागून घेतला होता.

"आई, कुठं हायस?"

"बाजारात. अस्तर घेऊन राहिले."

पलीकडं प्रियाचं मोठ्यानं हसू. "सगळ्यांच्या आया इथं रडून राहिल्यात, आणि तू अस्तर घेऊन राहिलीस!"

"कसा गेला पेपर?" महामायानं विचारलं. आता विचारायला तिला भीती वाटली नाही.

"फिजिक्स अवघड होता. बाकी ठीक. नंबर लागला तर लागला, नाही तर नांदेडला नर्सिंगचा फॉर्म भरते. मी ठरवलंय." मागून कोणीतरी मोबाईल मागत होतं. "तू तिथंच थांब, मी येते. मला भूक लागलीय."

"ये," महामाया म्हणाली, आणि रसवाल्याला विचारलं की इथं जवळपास पोरीला आवडेल असं खायला काय मिळतं.