उतारावरचा टायर

पायाचं मोडलेलं हाड कधीच जुळलं होतं, तरी ताई खोलीबाहेर पडायला तयार नव्हती. सगळी हयात तिने बस चालवण्यात घालवलेली. भल्याभल्या ट्रकवाल्यांना तिने वाट सोडायला लावली होती. आणि पडदा काढताना स्टुलावरून पडली काय, तिने धसकाच घेतला. डॉक्टर म्हणाले चाला, मुलगा म्हणाला चाल, सुनेने काठी आणून दिली. ताई पलंग सोडेना.

मग धाकटी बहीण राहायला आली. तिने उपदेश केला नाही. खिडकीपाशी चहा पीत म्हणाली, "तो उतार अजून तसाच आहे गं. लहानपणी टायरमध्ये बसून तू सुटली होतीस, आठवतं?"

ताईला हसू आलं. गॅरेजवाल्याने फेकलेला ट्रकचा टायर दोघींनी घामाघूम होत वर नेला होता. ताई आत अंगाचं मुटकुळं करून बसली आणि धाकटीने धक्का दिला. सरळ खाली जायचं, असं ठरलं होतं. पण टायर मध्येच दगडावरून उडाला, वळला आणि थेट लाँड्रीच्या अंगणात घुसला. वाळत घातलेल्या चादरींत गुंडाळलेली ताई बाहेर निघाली, तेव्हा लाँड्रीवाली कमरेवर हात ठेवून उभी. आधी तिने ताईचे हातपाय चाचपले आणि मग दोघींना चादरी धुवायला बसवलं.

"पिंपावर आपटलीस आणि भोकाड पसरलंस," धाकटी म्हणाली.

"पिंपावर नाही, भिंतीवर. आणि रडत होतीस तू."

धाकटीने कप खाली ठेवला. "मला वाटलं, तू मेलीसच. पण ते पिंपच होतं."

"पिंप पार पलीकडे, नळापाशी होतं."

"चल, दाखव."

ताईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग चपला शोधायला लागली.

जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. उताराच्या तोंडाशी ती थबकली. "परत फिरायचं का?" धाकटीने विचारलं.

"गप्प बस. हात दे."

आडवी पावलं टाकत दोघी खाली पोचल्या. लाँड्रीच्या जागी आता सायकलचं दुकान होतं, पण मागची भिंत तशीच होती. नळही होता, अगदी भिंतीला चिकटून.

ताईने बराच वेळ नळाकडे पाहिलं. "बरं बाई, पिंप," ती म्हणाली आणि हसता हसता तिथल्या कट्ट्यावर बसली.

मुलगा कामावरून आला, तर खोली रिकामी. धावत खाली आला, तेव्हा दोघी खांद्याला खांदा लावून चढण चढत होत्या, धापा टाकत आणि अजूनही भांडत. तो हात द्यायला पुढे झाला, तशी ताई म्हणाली, "राहू दे. तू पुढे हो आणि चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला जाग आली ती ताईच्याच हाकेने. ताई दारात चपला घालून उभी होती.