बोटाचे आठ ठोके

वाकलेली टपालपेटी.

फडताळाच्या दारावर पेन्सिलीने लिहिलेली चौतीस नावे.

कुणीच न बसणारी एक खुर्ची. तिच्या पाठीवर लोकरीची टोपी.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे पुरते फक्त मला ठाऊक आहे. मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. माझी एरियल अर्धी मोडली आहे आणि पाठीचे झाकण चिकटपट्टीने धरून ठेवले आहे. कुठल्याशा कारखान्यात एका बाईने माझ्या तारांना डाख दिला. तिचा चेहरा मला आठवत नाही, हात आठवतात. पुढचे सगळे आयुष्य ओहायोतल्या लोरेन गावी गेले, एमिल ह्रोबाकच्या घरी.

एमिल पोलादाच्या भट्टीवर कामाला होता. डब्यात सॉसेज आणि पाव, डब्याशेजारी मी. त्याची बायको इलोना मला रविवारी स्वयंपाकघरात मागून घ्यायची. कणीक मळता मळता ती अमेरिकन फुटबॉलचा सामना ऐकायची आणि क्वार्टरबॅकची परीक्षा घ्यायची. चेंडू कुणाकडे फेकायचा, हे तीन सेकंदांत ठरवतो तो क्वार्टरबॅक. आमच्या संघाला चांगला क्वार्टरबॅक काही लाभत नव्हता. दर एक-दोन वर्षांनी नवा यायचा. इलोना त्याचे नाव फडताळाच्या दारावर लिहायची आणि पुढे दर रविवारी गुण, दहापैकी.

"हात काय बघता त्याचे?" ती म्हणायची. "पाय बघा. माणूस आधी पायांनी घाबरतो."

टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा आणि समालोचन माझ्याकडून ऐकायचे, हा तिचाच नियम. टीव्हीवरच्या समालोचकांना काय कळतं, असे तिचे म्हणणे. घरात माझे फार कौतुक होते. तिने माझ्यासाठी लोकरीची पिशवीही विणली होती.

इलोना गेली. टोपी तिच्या खुर्चीवर राहिली. माझी पिशवी कसरीने खाल्ली. मी खणात पडून होतो, तीन वर्षे.

मग एका रविवारी एमिलचा हात खणात आला. तो मला शोधत नव्हता, चाचपत होता. माणसाच्या बोटांतला हा फरक आम्हा वस्तूंना लगेच कळतो. एमिलचे डोळे विझत चालले होते.

त्याने हे कुणालाच सांगितले नाही. मुलगी रेनाटा दोन तासांवर कोलंबसला राहायची आणि दर रविवारी यायची. तिने बजावले होते, "बाबा, डोळ्यांचं काही झालं तर गाडीची किल्ली माझ्याकडे. मग वाद नाही." आणि एमिलला गाडी हवी होती. चर्चनंतर तो स्वतः गाडी चालवत इलोनाच्या थडग्यावर जायचा. मी त्याच्या शेजारच्या सीटवर असायचो.

मित्रांनो, आता त्याची युक्ती ऐका. माझ्यातला आवाज टीव्हीवरच्या चित्राच्या आठ सेकंद आधी पोहोचतो. एमिल कानात माझ्या इअरफोनची गुंडी घालून बसायचा. "पोल्का नाचाची गाणी ऐकतोय," असे सर्वांना सांगायचा. मी सांगायचो की चेंडू पडला. तो बोटाने माझ्या डोक्यावर आठ ठोके मोजायचा आणि मग, चित्राबरोबर, ओरडायचा.

"पाडला! पाय बघ त्याचे, टिमको! बर्फावरच्या गाईसारखे!"

शेजारचा टिमको मांडीवर थाप मारायचा. "लेका, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झालास, पण नजर घारीची! मला चष्मा लावून दिसत नाही."

मला दुसऱ्यांचे बोलणे बोलता येते, स्वतःचे नाही.

दारावरचे गुण आता एमिल लिहायचा. त्याचे आकडे इलोनाच्या अक्षरांवर चढू लागले. कुणी विचारले तर म्हणायचा, जागा संपली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी थडग्याहून परतताना गाडी कशावर तरी आदळली. मी सीटवरून खाली पडलो. एमिल बराच वेळ बसून राहिला. मग उतरला. दार उघडेच होते, मला सगळे ऐकू येत होते. तो हातांनी चाचपत होता. पत्रा. लाकडी खांब. गवत. पुन्हा पत्रा.

"पेटीच आहे," तो म्हणाला. "इलोना, पेटीच आहे ग."

ती टिमकोची, रस्त्याकडेच्या खांबावरची टपालपेटी होती. शाळेच्या दिवशी तिथेच टिमकोची नात बसची वाट बघत उभी असते.

बर्फ काढणाऱ्या ट्रकनेच पेटी पाडली, असे समजून टिमकोने ट्रकवाल्याला आठवडाभर शिव्या घातल्या. एमिलने मान डोलावली.

पुढच्या रविवारी रेनाटाने नवा टीव्ही आणला, भिंतभर मोठा. "इंटरनेटवर चालतो, बाबा. तुम्हाला नीट दिसावं म्हणून." टिमको बिअर घेऊन आला. आवाज बंद, नियमाप्रमाणे. मैदानावर व्हार्ली नावाचा नवा पोरगा, दारावरचा चौतिसावा. शेवटची चार मिनिटे. सुरुवातीपासून टिमको आणि रेनाटाच एकमेकांशी भांडत होते, एमिल अजून एकदाही ओरडला नव्हता. व्हार्ली कच्चा म्हणून एमिल रुसलाय, असे त्यांना वाटले. खरे तर तो शेवटच्या डावासाठी दम राखून होता.

व्हार्लीने चेंडू फेकला. मी एमिलच्या कानात सांगितले की समोरच्यांनी तो मध्येच पकडला.

एक. दोन. तीन.

इंटरनेटवरचे चित्र आठ सेकंदांनी नाही, चाळीस सेकंदांनी येते. हे मला माहीत नव्हते.

चार. पाच. सहा.

एमिललाही नव्हते.

सात.

आठ.

"गेला! त्यांच्या हातात दिला! मागच्या पायावर राहून कुणी फेकतं का? दोन गुण!"

पडद्यावर पिकअप ट्रकची जाहिरात चालली होती.

टिमको हसला. "काय रे, पोल्कात सांगितलं का?" मग जाहिरात संपली. व्हार्ली मागच्या पायावर गेला, चेंडू फेकला आणि समोरच्यांनी तो पकडला. टिमकोचे हसू थांबले.

रेनाटा हळूच म्हणाली, "बाबा, आत्ता पडद्यावर काय आहे?"

एमिलचे बोट माझ्यावर आले. पण मी पडद्याच्या चाळीस सेकंद पुढे होतो. तो उठला. त्याचा उजवा पाय सतरंजीची कड शोधत सरकला, थांबला, पुन्हा सरकला. रेनाटा त्याच्या पायांकडे बघत होती.

त्याने खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला, थोडा चुकीच्या दिशेला.

"टिमको," तो म्हणाला, "तुझी पेटी मी पाडली."

टिमकोने बिअर खाली ठेवली. मग म्हणाला, "लेका, ट्रकवाल्याची माफी मागायला तू येशील बरोबर." आणि त्याने एमिलचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवले. इलोनाच्या.

एमिल फेब्रुवारीत गेला. रेनाटाने फडताळाचे दार बिजागऱ्यांतून काढून कोलंबसला नेले, सोबत मला. ती मला वरच्या फळीवर ठेवते. माझ्यात बॅटरी नाही. तरी रविवारी दुपारी, सामना सुरू झाला की, माझ्या डोक्यावर कुणीतरी आठ ठोके देते. फळीवर दुसरे कुणी नसते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, न पुसा. पण घरातले जुने माणूस बरोबर उत्तर देते म्हणून निश्चिंत होऊ नका. ते उत्तर देण्याआधी किती वेळ थांबते, तेही बघा.

ज्या दिवशी इलोनाने मला विकत घेतले, त्या दिवशी दुकानाच्या काचेआडच्या माझ्या तबकडीवरचे आकडे एमिलने रस्त्याच्या पलीकडून वाचले होते.