गणपतीत खून नको

दोन हजार चार साली आमच्या केयाने, वय चौदा, जन्म आणि उच्चार दोन्ही न्यू जर्सीचे, मंडळाच्या गणपतीसाठी एक नाटुकलं लिहिलं. जुन्या काळातलं, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं एक गाव. काळ्यांचा पाण्याचा नळ वेगळा, गोऱ्यांचा वेगळा. एक काळा पुढारी गोऱ्यांच्या नळावर पाणी पितो आणि त्याच संध्याकाळी त्याला घराच्या दारात गोळी घालतात.

आमचे अध्यक्ष कुमारभाऊ वाचून गहिवरले आणि लगेच सावरले. "सीमावहिनी, स्क्रिप्ट मस्त आहे यार, पण गणपतीत मर्डर? बुलेट नुसती चाटून गेली असं करा ना. शेवटी सगळे मिळून आरती."

"ही डाइज, काका," केया म्हणाली. "दॅट्स द होल पॉइंट."

मी तिला डोळ्यांनी दटावलं. मंडळाची चिटणीस मी, पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद माझ्याकडे यायचं होतं. एका काल्पनिक पुढाऱ्यापायी ते घालवायला मी काही खुळी नव्हते. "अगं, वाचला तर त्या बिचाऱ्याचंही भलंच होईल," मी म्हणाले. केया दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी शहाण्यासारखी हो म्हणाली. तिथेच मला शंका यायला हवी होती.

प्रयोगाला आमच्या एडिसन गावातल्या शाळेचा हॉल भरला. स्टेजवर नळाऐवजी एक टेबल. त्यावर माझा स्टीलचा पेला, सासूबाईंनी माझं नाव कोरून दिलेला, आणि शेजारी कागदी कप. गोरे पेल्यातून पीत होते, काळे कपातून. ते कप मी ओळखले. आमच्या फ्रिजवर असतात, प्लंबिंगच्या कामाला येणाऱ्या वॉल्टरसाठी. वॉल्टर काळा आहे, पण त्याचा इथे काही संबंध नाही, ही हायजीनची बाब आहे, असं मी केयाला वेळोवेळी समजावलंय. इन्शुरन्सवाल्या गोऱ्या जॉनला पेला देते, कारण तो पाहुणा.

पुढारी ठरल्याप्रमाणे वाचला. गावच्या गोऱ्या शेरीफने त्याला मिठी मारली आणि पाणी दिलं, कागदी कपातून. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुमारभाऊंनी डोळे पुसले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि मला हायसं वाटलं.

शुक्रवारी सिंक तुंबलं. वॉल्टर आला. केया टेबलाशी पुस्तक उघडून बसली, पान न उलटता. काम झाल्यावर मी मोठ्या मनाने तोच पेला भरून त्याच्या हातात दिला. तो क्षणभर पेल्याकडे बघत राहिला. मग पाणी प्याला, खिशातून स्वच्छ रुमाल काढून पेल्याची कड नीट पुसली आणि पेला मला परत दिला. "थँक यू, मॅम." मला लाज वाटली. खरंच वाटली.

तो गेला. मी पेला घासायला घेतला. घासला, विसळला, पुन्हा घासला, विसळला, आणि परत साबण लावला.

"आई," पुस्तकातून मान वर न करता केया म्हणाली, "दॅट्स थ्री टाइम्स."